वैमानिकापुढचे क्षितिज

स्मरणिकेत आठवणी असतात, ऋणनिर्देश असतो, दिवंगत गुरुजनांना अभिवादन असते. ते सर्व या अंकात अन्यत्र आहेच. आम्ही मात्र येथे एक पाठ मांडणार आहोत. सायंकाळच्या वंदनेनंतर वसतिगृहात जसा पाठ होत असे तसाच, फक्त विषय विमानाच्या कॉकपिटमधील इलेक्ट्रॉनिक उपकरणांचा, म्हणजे एव्हिऑनिक्सचा आहे.

विषय निवडण्यास कारण आहे. जळगावच्या विमानतळावर एटीआर ७२ जातीची प्रवासी विमाने उतरू लागली आहेत. २०२१ साली भारतीय विमानतळ प्राधिकरणाने उड्डाण-प्रशिक्षण संस्थांसाठी जे पाच विमानतळ निवडले, त्यांत जळगावचे नाव होते. धुळ्याजवळ गोंदूर येथे आणि शिरपूरकडे शिकाऊ वैमानिकांची छोटी विमाने घिरट्या घालताना शेतातल्या माणसांनाही दिसतात. साहजिकच बोदवड, मुक्ताईनगर, जामनेरकडील पालक विचारू लागले आहेत की, वैमानिक होण्याचा खर्च आपल्याला झेपणारा नाही, पण विमानाच्या देखभालीचा अभ्यासक्रम आपल्या मुलामुलींना जमेल काय? फी आणि प्रवेशाच्या तारखा सांगून याचे उत्तर देता येईल. परंतु ते अर्धवट उत्तर होईल. हे काम मुळात कशाचे आहे, ते आधी समजले पाहिजे. त्यासाठी एका घटनेकडे जावे लागते.

१ जानेवारी ही तारीख आपल्या घराघरांत भीमा कोरेगावच्या विजयस्तंभासाठी लक्षात ठेवली जाते. १९७८ सालच्या याच तारखेस, रात्री पावणेनऊच्या सुमारास, मुंबईच्या सांताक्रूझ विमानतळावरून एअर इंडियाचे एक जम्बो जेट दुबईकडे निघाले. बोइंग ७४७ जातीचे हे विमान १९७१ साली एअर इंडियाकडे आले होते. त्या ताफ्यातील विमानांना सम्राटांची नावे दिली जात आणि या विमानाचे नाव होते 'एम्परर अशोक'. धावपट्टी सोडून ते समुद्रावर गेले, ठरल्याप्रमाणे उजवीकडे थोडे वळले, पुन्हा सरळ झाले. त्यानंतर ते डावीकडे कलू लागले आणि कलतच गेले. उड्डाणानंतर दोन मिनिटेही पूर्ण झाली नव्हती, तोच वांद्र्याच्या किनाऱ्यापासून सुमारे तीन किलोमीटरवर ते समुद्रात कोसळले. १९० प्रवासी आणि २३ कर्मचारी, असे २१३ जण गेले. त्यांतील कोणीही वाचले नाही.

इंजिने चालू होती. वादळ नव्हते. चुकले होते ते कॅप्टनच्या पुढ्यातील एक उपकरण.

त्या उपकरणाला अ‍ॅटिट्यूड डायरेक्टर इंडिकेटर म्हणतात. जुने लोक त्याला 'कृत्रिम क्षितिज' म्हणत आणि ते नावच आम्हांला अधिक बोलके वाटते. त्याचा अर्धा भाग आकाशासाठी निळा, अर्धा जमिनीसाठी तपकिरी, मध्ये क्षितिजाची रेघ आणि तिच्यावर विमानाची लहानशी खूण. विमान उजवीकडे कलले की रेघ तिरपी होते, नाक वर गेले की रेघ खाली सरकते. बाहेर उजेड असेल तर वैमानिकाला खरे क्षितिज दिसते. अमावास्येसारख्या काळोखात समुद्रावर मात्र खाली दिवे नाहीत, पुढे रेघ नाही, वर आणि खाली एकसारखेच काळे. तेव्हा ही कृत्रिम रेघ हेच क्षितिज.

येथे कोणीही विचारील की विमान कलले हे बसल्या जागी कळत नाही काय? कळत नाही, आणि का कळत नाही हे समजून घेणे हाच या विषयाचा पाया आहे. आपल्यातील अनेकांच्या घरी गवंडीकाम झाले आहे, म्हणून ओळंब्याचे उदाहरण घेऊ. भिंत सरळ आहे की नाही हे ओळंबा बिनचूक सांगतो, कारण तो पृथ्वीच्या मध्याकडे ओढला जातो. आता हाच ओळंबा एसटीच्या गाडीत टांगा. गाडी वळणावर आली की तो बाहेरच्या बाजूला झुकेल. म्हणजे चालत्या गाडीत ओळंब्याची साक्ष बिघडली. विमानात तर ती याहून फसवी होते. विमान वळताना त्या बाजूला कलते आणि वळण नीट साधलेले असेल तर वजन व वळणाची ओढ मिळून जो एकत्रित जोर होतो तो विमानाच्या फरशीकडेच असतो. त्यामुळे विमान तीस अंश कलले तरी ओळंबा फरशीशी काटकोनात लोंबत राहतो, पेल्यातील पाणी सांडत नाही आणि प्रवाशाला आपण सरळ बसलो आहोत असेच वाटते. गवंड्याची पाणसळही तेथे 'सर्व समपातळीत' अशीच ग्वाही देईल.

कानाचेही तेच. आपल्या अंतर्कर्णात द्रवाने भरलेल्या तीन अर्धवर्तुळाकार नलिका आहेत. डोके फिरले की द्रव मागे रेंगाळतो, आतील सूक्ष्म केस वाकतात आणि मेंदूला फिरल्याचे कळते. परंतु वळण संथ असेल तर ते जाणवतच नाही; आणि एकाच गतीने वीसएक सेकंद वळत राहिले तर द्रवही त्याच गतीने फिरू लागतो व वळणे थांबले असे वाटते. लहानपणी अंगणात गरगर फिरून एकदम थांबलो की भोवतालचे घर उलट्या दिशेने फिरत असे. तो खेळ म्हणजे याच नलिकांची फसगत. अंगणात आपण हसत खाली बसतो. काळोखात विमान चालविणाऱ्याला ती सोय नाही.

मग ओळंबा नको, कान नको, तर साक्ष कोणाची घ्यावी? भोवऱ्याची. जोरात फिरणारा भोवरा आपला अक्ष सोडीत नाही; त्याला ढकलले तरी तो ताठ राहू पाहतो. जायरोस्कोप म्हणजे असाच, पण सर्व बाजूंनी मोकळ्या कड्यांत बसविलेला, मिनिटाला वीस हजारांहून अधिक फेरे घेणारा जड भोवरा. विमान त्याच्याभोवती कलते, तो कलत नाही. विमान आणि भोवरा यांच्यात पडलेला कोन विजेच्या संकेतात बदलून तारांनी पुढच्या फलकावर नेला की क्षितिजाची रेघ हलते. पुढे १९८० च्या दशकात प्रवासी विमानांत लेझर जायरो आले. त्यात फिरणारे चाक नाही. एका बंदिस्त त्रिकोणी मार्गावर प्रकाशाचे दोन किरण परस्परविरुद्ध दिशांनी सोडतात. विमान वळले की एका किरणाची वाट किंचित लांबते, दुसऱ्याची आखूड होते आणि दोहोंच्या कंप्रतेतील फरकावरून वळणाचा वेग मोजला जातो. आज आपल्या खिशातील मोबाइलमध्येही डोळ्यांना न दिसणारा कंप पावणारा जायरो असतो, हे विद्यार्थ्यांनी ध्यानात घ्यावे. विद्या दूरची वाटते, यंत्र मात्र हातात आहे.

आता पुन्हा त्या रात्रीकडे वळू. उजवे वळण संपवून विमान सरळ झाले, तरी कॅप्टनच्या उपकरणावरील रेघ उजवीकडे कललेलीच राहिली. बाहेर काळोखी समुद्र. उपकरण सांगते उजवा कल, म्हणून त्यांनी विमान डावीकडे वळविले. उपकरण तेच सांगत राहिले, ते वळवीत राहिले. विमान काटकोनाहूनही अधिक कलले. कॉकपिटमध्ये असे उपकरण एकटे नव्हते. सहवैमानिकापुढे दुसरे होते आणि स्वतंत्र व्यवस्थेवर चालणारे तिसरेही राखीव होते. फ्लाइट इंजिनिअरने दुसऱ्या उपकरणाकडे लक्ष वेधल्याचे ध्वनिमुद्रणावरून दिसते, पण तोवर वेळ उरली नव्हती. भारतातील चौकशीने निष्कर्ष काढला की कॅप्टनचे क्षितिज-उपकरण बिघडल्यावर त्यांना विमानाच्या स्थितीचे भान राहिले नाही आणि अन्य उपकरणांच्या आधारे विमान सावरण्यात कर्मचारी अयशस्वी ठरले. नातेवाइकांनी अमेरिकेत विमान व उपकरणे बनविणाऱ्या कंपन्यांवर दावा लावला. तेथील न्यायालयाने १९८५ मध्ये तो फेटाळला. माणसाचा दोष की यंत्राचा, असा वाद पुष्कळ झाला. आमच्या मते या वादाची मांडणीच अपुरी आहे. बिघडलेले उपकरण हे एक कारण आणि त्याची साक्ष दुसऱ्या दोघांशी ताडून न पाहणे हे दुसरे. पहिल्याला दुसऱ्याची जोड मिळाली नसती तर विमान बहुधा दुबईस पोहोचले असते.

केसपुत्त नगरीच्या कालामांना तथागतांनी काय सांगितले, हे आपल्या शाळेत शिकलेल्या प्रत्येकास ठाऊक आहे. ऐकीव आहे म्हणून, परंपरेने आले म्हणून, ग्रंथात आहे म्हणून किंवा सांगणारा आपला गुरू आहे म्हणून एखादी गोष्ट स्वीकारू नका, स्वतः पारखा. याचा अर्थ आमच्या धम्मग्रंथांत विमानविद्या होती असा मुळीच नाही. तसल्या दाव्यांचे काय होते, ते १९७४ साली बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेतील अभ्यासकांनी 'वैमानिक शास्त्र' या पोथीची चिकित्सा करून दाखवून दिले आहे. त्यात वर्णिलेली याने उडू शकत नाहीत असा त्यांचा निर्णय होता. आमचे म्हणणे एवढेच की पारखण्याची जी सवय विहारात लागते, तीच सवय विमानाच्या कामात रोजच्या रोज लागते, आणि तेथे ती पुस्तकी राहत नाही.

आजच्या विमानात ही पारख यंत्रांच्या रचनेतच घातली आहे. जळगावला येणाऱ्या एटीआर ७२-६०० जातीच्या विमानात घड्याळासारख्या तबकड्यांच्या रांगा नाहीत. पाच मोठे पडदे आहेत. क्षितिज, वेग, उंची, दिशा एकाच पडद्यावर येतात. दोन वैमानिकांसाठी माहितीचे स्रोत वेगळे ठेवलेले असतात. दोन्ही बाजूंच्या क्षितिजांत ठरावीक अंशांहून जास्त तफावत पडली की संगणक ती ताडून पडद्यावर इशारा देतो. राखीव उपकरण या दोहोंपासून अलिप्त असते. जुन्या उपकरणात वीज गेली किंवा जायरो मंदावला तर लहानसे लाल निशाण तबकडीवर येई. पण वीज चालू, जायरो चालू आणि तरीही उत्तर चूक, अशा वेळी निशाण येईलच असे नसे. स्वतःची चूक स्वतःला न कळणाऱ्या साक्षीदाराला दुसराच कोणी तरी अडवावा लागतो. तुलना करणारी यंत्रणा त्यासाठीच आहे.

उपकरणे एकमेकांशी बोलतात कशी, हेही थोडे सांगतो, कारण त्यात आम्हांला फार आवडलेली एक गोष्ट आहे. प्रवासी विमानांत वर्षानुवर्षे एरिंक ४२९ नावाची पद्धत वापरात आहे. एक बोलणारा, अनेक ऐकणारे आणि दोन पिळलेल्या तारा. प्रत्येक निरोप ३२ बिटांचा. पहिल्या आठ बिटांत निरोप कशाविषयी आहे त्याची खूण, म्हणजे उंची, वेग की कल. मधल्या बिटांत प्रत्यक्ष आकडा. शेवटचा बिट निरोप वाटेत बिघडला का, हे तपासण्यासाठी. आणि त्याच्या आधीचे दोन बिट बोलणाऱ्याची स्वतःविषयीची कबुली देतात. माहिती ठीक आहे, माहिती अजून गणिली गेलेली नाही, ही केवळ चाचणी आहे, किंवा मी बिघडलो आहे, या चारांपैकी एक. म्हणजे निरोप देणारे यंत्र आकड्यासोबतच 'माझ्यावर विसंबू नका' असेही सांगू शकते. मग ऐकणारा पडदा तो आकडा पुसून तेथे इशारा दाखवितो. चुकीच्या आकड्यापेक्षा रिकामी जागा बरी, हे तत्त्व दोन बिटांत बसविले आहे.

परंतु यंत्राने कितीही प्रामाणिक असायचे ठरविले, तरी त्याचा श्वासच कोंडला तर ते काय करणार? विमानाच्या नाकापाशी समोर तोंड असलेल्या बारीक नळ्या असतात, त्यांना पिटो नळ्या म्हणतात. समोरून घुसणाऱ्या हवेचा दाब त्या घेतात. अंगावर बाजूला लहान छिद्रे असतात, ती स्थिर हवेचा दाब घेतात. या दोन दाबांच्या फरकावरून वेग आणि केवळ स्थिर दाबावरून उंची कळते. पुढचे सर्व संगणक या छिद्रांच्या जीवावर जगतात. ६ फेब्रुवारी १९९६ रोजी डोमिनिकन प्रजासत्ताकातून निघालेले बर्जनएअर कंपनीचे बोइंग ७५७ विमान समुद्रात कोसळून १८९ जण मृत्यू पावले. एक पिटो नळी बंद झाल्याने कॅप्टनला खोटा वेग दिसत होता. ते विमान कित्येक दिवस जमिनीवर उभे होते, नळ्यांवर झाकणे नव्हती. आत चिखलाचे घर करणाऱ्या माशीने ती बुजविली असावी, असा तपास करणाऱ्यांचा कयास होता. आपल्याकडे कोनाड्यात, दाराच्या चौकटीत, सायकलीच्या नळीत मातीची घरटी करणारी कुंभारीण माशी सर्वांच्या ओळखीची आहे. तिच्याच कुळातली ती.

त्याच वर्षी २ ऑक्टोबरला पेरू देशातील लिमा येथून निघालेल्या एअरोपेरूच्या ७५७ विमानाची गोष्ट तर देखभाल करणाऱ्यांना विसरताच येणार नाही. विमान धुताना पाणी आत जाऊ नये म्हणून स्थिर दाबाच्या छिद्रांवर चिकटपट्टी लावली होती. ती काढायची राहिली. मध्यरात्रीनंतर काळ्या महासागरावर उंची खोटी, वेग खोटा, एक इशारा वेग फार वाढला म्हणून आणि दुसरा वेग फार कमी झाला म्हणून, दोन्ही एकाच वेळी. ७० जण गेले. येथे जायरो बिघडला नव्हता, संगणक बिघडला नव्हता, तार तुटली नव्हती. हातभर चिकटपट्टी होती. ती लावणाऱ्याच्या हातून राहिली, त्याच्यावरच्या तपासनिसाच्या नजरेतून सुटली, उड्डाणापूर्वी विमानाभोवती फेरी मारणाऱ्या वैमानिकालाही दिसली नाही. एव्हिऑनिक्सचा अभ्यास म्हणजे केवळ संगणक असे समजून येणाऱ्या विद्यार्थ्यास आम्ही ही घटना आधी सांगतो.

रोजचे काम खरोखरच असे साधे आणि चिकट असते. पडद्यावर दोष दिसला की संबंधित पेटी काढायची, नवी बसवायची, चाचणी घ्यायची; या पेट्या पटकन बदलता याव्यात अशाच बनविलेल्या असतात. पण पुष्कळदा काढलेली पेटी कार्यशाळेतील टेबलावर ठणठणीत निघते. दोष पेटीत नसतोच. तो जोडणीतील वाकलेल्या पिनेत, ओलाव्याने गंजलेल्या टोकात, कुठे तरी कडेला घासून झिजलेल्या तारेत असतो. घाईचा माणूस पेटी बदलून मोकळा होतो आणि तोच दोष चौथ्या दिवशी परत येतो. चांगला तंत्रज्ञ विजेरी घेऊन जुडग्यातील तार बोटाने चाचपत जातो. मनगटाला जमिनीशी जोडलेला पट्टा बांधल्याशिवाय तो सर्किटाच्या पाटीला हात लावीत नाही, कारण अंगावर साठलेल्या स्थिर विजेची ठिणगी माणसाला जाणवणारही नाही इतकी लहान असली, तरी आतील चिप जाळू शकते. आणि अर्धवट जळलेली चिप काही महिने चालून मग आकाशात दगा देऊ शकते.

आता पालकांच्या प्रश्नाकडे. भारतात विमान देखभाल अभियंत्याचा परवाना नागरी विमान वाहतूक महासंचालनालय देते. कोणतीही संस्था तो देत नाही, मग जाहिरातीत काहीही छापलेले असो. परवान्याचे वर्ग आहेत. बी-१ यांत्रिक बाजूचा, इंजिन व सांगाड्याचा, बी-२ एव्हिऑनिक्सचा. प्रवेशासाठी बारावीला भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र व गणित लागते. मान्यताप्राप्त संस्थेत साधारण दोन वर्षे शिक्षण, महासंचालनालयाच्या परीक्षा, शिवाय उडत्या विमानांवर प्रत्यक्ष कामाचा अनुभव, असा हा मार्ग आहे. अभ्यासात वीज, डिजिटल तंत्र, कायदा, मानवी घटक असे विषय येतात. घरच्या विजेची कंप्रता ५० हर्ट्झ तर विमानात ती ४०० का ठेवतात (रोहित्रे व मोटारी हलक्या होतात म्हणून), हे तेथे पहिल्या काही महिन्यांतच कळते. मात्र परवाना मिळाला म्हणजे कोणत्याही विमानावर सही करता येते असे नाही. त्या त्या जातीच्या विमानाचे वेगळे प्रशिक्षण, ज्याला टाइप रेटिंग म्हणतात, घ्यावे लागते. त्याचा खर्च व काळ अनेक संस्था प्रवेशाच्या वेळी बोलतच नाहीत. संस्थेची मान्यता महासंचालनालयाच्या यादीत स्वतः पाहावी, अनुभवासाठी विमाने कोठे मिळणार हे लेखी विचारावे, आणि मगच शेत गहाण टाकण्याचा विचार करावा. आमच्या मते तर मुळीच टाकू नये. नाशिकजवळ ओझर येथे हिंदुस्थान एरोनॉटिक्सचा कारखाना १९६४ पासून आहे. तेथे मिग आणि पुढे सुखोई-३० विमाने तयार झाली. अशा ठिकाणी आयटीआय किंवा पदविका घेऊन शिकाऊ उमेदवार म्हणून शिरण्याची वाटही आहे आणि ती स्वस्त आहे.

मानवी घटक या विषयाबद्दल एक शब्द अधिक. त्यात शिकवितात की कनिष्ठाला दोष दिसला तर त्याने वरिष्ठाला स्पष्ट शब्दांत, वेळेवर सांगितले पाहिजे आणि वरिष्ठाने ते ऐकले पाहिजे. ऐकायला सोपे आहे. परंतु ज्या घरांत पिढ्यान्‌पिढ्या 'मोठ्यांपुढे बोलू नये, साहेबापुढे मान वर करू नये' हेच शिकवावे लागले, त्या घरांतील मुलाला परक्या शहरात, इंग्रजीत, वीस वर्षे नोकरी झालेल्या वरिष्ठाला 'साहेब, हे छिद्र बंद आहे' असे म्हणणे किती जड जाते, हे आम्ही जाणतो. आपल्या वसतिगृहात प्रश्न विचारणाऱ्या मुलाला खाली बसविले जात नसे. ती शिस्त या व्यवसायात कामी येते, गुणांपेक्षाही अधिक.

काम संपले की तंत्रज्ञ विमानाच्या नोंदवहीत काय केले ते लिहितो आणि परवाना क्रमांकासह सही करतो. त्या सहीनंतरच विमान सेवेसाठी सुटते. त्याआधी अवजारे मोजून पेटीत परत जातात. पिटो नळ्यांवरच्या झाकणांना लांब लाल फिती असतात, त्यांवर उड्डाणापूर्वी काढण्याची सूचना छापलेली असते. तीही एकेक काढून, मोजून ठेवतात. चार लावली असतील तर चार हातात यावी लागतात. तीन आली तर चौथी सापडेपर्यंत सही होत नाही.